विश्रामबागवाडा वाचू या : उंबऱ्यापासून परसापर्यंत



आपल्या शिरूर-दौंड भागातली मुलं सहलीला पुण्याला गेली की शनिवारवाडा पाहतात, सारसबाग पाहतात, वेळ उरला तर तुळशीबागेत एखादी शिट्टी नाहीतर बांगड्या घेतात. पण तुळशीबागेपासून अगदी दोन मिनिटांवर, थोरल्या बाजीरावांच्या नावाच्या रस्त्यावर, एक अख्खा वाडा उभा आहे. त्याच्यासमोरून आपण बसमध्ये बसायच्या घाईत निघून जातो. तो म्हणजे विश्रामबागवाडा.

शनिवारवाड्यात आज तटबंदी, दरवाजे आणि जोती दिसतात. आतलं घर १८२८ च्या आगीत गेलं. त्यामुळे "इथं माणसं राहत कशी होती?" असं मुलांनी विचारलं की आपल्याला हवेत बोट फिरवून सांगावं लागतं. विश्रामबागवाड्यात तसं नाही. तिथं खांब आहेत, चौक आहे, जिना आहे, माडी आहे. म्हणून वाडा शिकवायचा असेल तर सुरुवात इथून करावी असं मला वाटतं. शिकवायचं म्हणजे नुसत्या सनावळ्या नव्हेत. घर कसं बांधलं, तसंच का बांधलं आणि त्या घरात कुणाला कुठपर्यंत येता यायचं, हे तिन्ही प्रश्न घ्यायचे. तिसरा प्रश्न आपण बऱ्याचदा सोडून देतो. या लेखात तो मुद्दाम घेतला आहे.

वाडा कुणाचा?

हा वाडा बांधला दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी. ते १७९६ ते १८१८ पेशवेपदावर होते आणि मराठा राज्याचे शेवटचे पेशवे ठरले. पुण्यात त्यांनी आणखीही वाडे बांधले, शुक्रवारवाडा आणि बुधवारवाडा. विश्रामबागवाडा १८०७ च्या सुमारास पूर्ण झाला. बांधकामाला तेव्हाचे सुमारे दोन लाख रुपये लागले आणि क्षेत्रफळ भरलं सुमारे २० हजार चौरस फूट. नावाप्रमाणे हे विश्रांतीचं, राहण्याचं घर. किल्ला नव्हे. म्हणूनच इथं तट-बुरूज नाहीत, वाडा सरळ रस्त्याला लागून उभा आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली, बाजीरावांना कानपूरजवळ बिठूरला पाठवण्यात आलं आणि वाड्याचा मालक बदलला.

इतकी माहिती मुलांना पुरे. आता घराकडे वळू.

रस्त्यावरून काय दिसतं?

मुलांना समोरच्या फुटपाथवर उभं करा आणि वर बघायला सांगा. पहिल्या मजल्यावर लाकडाचा कोरीव सज्जा पुढे आलेला दिसतो. त्याला मेघडंबरी म्हणतात. खांब, महिरपी, वेलबुट्टी, सगळं सागवानी लाकडात कोरलेलं. खांब बघा, खाली जाड, मध्ये फुगीर आणि वर निमुळते होत जाणारे. सुरूच्या झाडासारखे दिसतात म्हणून त्यांना सुरूचे खांब म्हणतात. दोन खांबांमध्ये जी नागमोडी कमान दिसते ती महिरप. उत्तरेकडच्या मुघल इमारतींमध्ये असे खांब आणि महिरपी दगडात आहेत. पुण्याच्या सुतारांनी त्या लाकडात आणल्या. म्हणजे राज्याराज्यांत लढाया चालू असतानाही कारागिरी एकीकडून दुसरीकडे जातच होती, हा मुद्दा मुलांना जरूर सांगा.

आता खाली बघा. तळमजल्याची भिंत जाड आणि साधी, नक्षीकाम सगळं वर. वाड्यांची ही जुनी रीत. रस्त्याच्या पातळीवर उघडीप कमी ठेवायची, कारण चोरीची भीती, धूळ, गर्दी. उजेड आणि वारा घ्यायचा तो वरून आणि आतल्या चौकातून.

दार, देवडी, चौक

जुन्या वाड्याचं मोठं दार म्हणजे दारात बसवलेलं दार असायचं. मोठी फळी रोज उघडत नसत, तिच्यातली छोटी खिडकीवजा दिंडी उघडत. दिंडीतून येताना वाकावं लागतं. त्यामुळे येणारा एकेकटाच आणि मान खाली घालून आत येतो, आत उभ्या पहारेकऱ्याला तो आधी दिसतो. दार आतून बंद करायला जे आडवं लाकूड भिंतीतल्या खोबणीतून सरकवत, तो अडसर. आज आपण "कामात अडसर आला" म्हणतो तो शब्द इथला.

दारातून आत आलं की दोन्ही बाजूंना ओटे असतात. ती देवडी, पहारेकऱ्यांची बसायची जागा. तिथून पुढे चौक. चौक म्हणजे घराच्या मधोमध उघडं आकाश. विश्रामबागवाडा तीन चौकांचा होता. मोठ्या वाड्यांत साधारण विभागणी अशी असे की पहिला चौक कचेरीचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा, पुढचा घरच्यांचा, शेवटचा स्वयंपाक, पाणी, गाई-म्हशी आणि कामाच्या माणसांचा. चौकाभोवती उघडी ओसरी, तिच्यामागे खोल्या, वर माडी. माडीवर दिवाणखाना, म्हणजे बैठकीची मोठी खोली.

चौकाचं काम विज्ञानाच्या तासालाही घेता येईल. दिवसा चौकातली हवा तापून वर जाते आणि तिच्या जागी सावलीतल्या ओसऱ्यांतली थंड हवा येते. जाड भिंती हळूहळू तापतात, त्यामुळे भर दुपारी आत गारवा राहतो. पावसाचं पाणी चारही छपरांवरून चौकात पडतं आणि मोरीवाटे बाहेर जातं. पंखा नाही, वीज नाही, तरी घर श्वास घेतं ते असं. एप्रिल-मे मध्ये आपल्या पत्र्याच्या खोलीत वर्ग चालवणाऱ्या शिक्षकाला हे वेगळं सांगायला नको!

वाडा उभा कसा राहिला?

मुलांना वाटतं, वाडा भिंतींवर उभा असतो. खरं तर पुण्याच्या वाड्याचा सांगाडा लाकडाचा. खाली काळ्या दगडाचं जोतं. जोत्यावर प्रत्येक खांबाखाली एक घडीव दगड, तो तळखडा. लाकूड थेट जमिनीवर टेकलं तर ओल आणि वाळवी लागते, म्हणून मध्ये दगड. तळखड्यावर खांब, खांबांवर आडवी तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या. या फळ्यांच्या छताला कडीपाट म्हणतात. त्यावर मातीचा थर घालून वरच्या मजल्याची जमीन करायची. भिंती दगडाच्या आणि चपट्या विटांच्या, सांधायला चुना. शेवटी उतरतं छप्पर, वाशांवर कौलं.

दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि घर किती मोठं हे खणांत सांगत. "पाच खणांची माडी" असं म्हटलं की ऐकणाऱ्याला आकार कळायचा. गणिताच्या तासाला हे किती सोपं माप आहे बघा.

आणि भाषेच्या तासाला? "घर फिरलं की घराचे वासे फिरतात", "खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत", "उंबरे झिजवणे". पुष्कळ मुलांना वासे म्हणजे नाकाला येणारे वास वाटतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. स्लॅबच्या घरात वासा दिसणार कुठे? एकदा छपराखाली उभं करून वासा दाखवला की म्हण आपोआप समजते.

दूरच्या देशातलं असंच एक घर

तुलना केली की मुलांना गोष्ट पक्की समजते, म्हणून एक परदेशी उदाहरण. फ्रान्सच्या पॅरिस शहरात सरदार-श्रीमंतांची मोठी घरं होती. त्यांना तिथं ओतेल पार्तिक्युलिए म्हणत. यातलं ओतेल म्हणजे जेवायचं हॉटेल नव्हे, एका घराण्याचं शहरातलं घर. म्हणजे तिथला वाडाच म्हणा. त्यातलं एक प्रसिद्ध घर कार्नाव्हाले. त्याचं बांधकाम १५४८ मध्ये सुरू झालं. माडाम द सेव्हिन्ये ही पत्रलेखनासाठी गाजलेली लेखिका १६७७ मध्ये तिथं भाड्यानं राहायला आली. त्याच वर्षी इकडे शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर होते. असा काळ जोडून दिला की मुलांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी राहतात.

त्या घरातही रस्त्याकडून मोठं दार, दाराशी राखणदार आणि आत अंगण. घोडागाडी थेट अंगणात येई. मुख्य घर अंगणाच्या पलीकडे आणि त्याच्यामागे बाग. म्हणजे घर अंगण आणि बाग यांच्या मध्ये. आपल्याकडे उलटं, चौक घराच्या पोटात आणि खोल्या त्याच्या चारी बाजूंनी. तिकडे थंडी जास्त, ऊन हवंहवंसं, म्हणून मोठ्या खिडक्या आणि खोल्याखोल्यांत शेकोटी. इकडे ऊन टाळायचं, म्हणून ओसरी आणि सावली. तिकडची शोभा दगडात, कार्नाव्हालेच्या अंगणातल्या भिंतीवर चार ऋतूंच्या दगडी मूर्ती आहेत. आपली शोभा सागवानात. १८८० मध्ये त्या घरात पॅरिस शहराच्या इतिहासाचं संग्रहालय उघडलं.

पण दोन्ही घरांत एक गोष्ट सारखी. दारापासून आत जावं तसतसा येणाऱ्याचा दर्जा मोजला जातो.

कोण कुठपर्यंत?

हा भाग वर्गात घेताना आपण जरा कचरतो. पण तो टाळला तर वाडा अर्धाच शिकवल्यासारखा होतो.

जुन्या वाड्यात कुणाला देवडीशीच थांबावं लागे, कुणाला ओसरीवर बसता येई, कुणाला दिवाणखान्यात मान मिळे. स्वयंपाकघर आणि देवघर घरच्यांशिवाय इतरांना बंद. ज्यांनी दगड फोडले, माती वाहिली, चुना मळला, त्यांतल्या कित्येकांना बांधून झालेल्या घराचा उंबरा जातीमुळे ओलांडता येत नसे. घरातल्या बायकांचा दिवस माजघर, स्वयंपाकघर आणि मागचा चौक यांतच जायचा. पुढच्या चौकात चाललेलं बोलणं त्यांच्या कानावर पडलं तरी त्यात त्यांचं मत कुणी विचारत नसे. वाड्याच्या नकाशात हे सगळं दिसतं. भिंती कुठे आहेत हे पाहताना त्या कुणासाठी आहेत हेही पाहावं लागतं.

याच वाड्याची पुढची गोष्ट आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, फार जवळची आहे. इंग्रजी अंमल आल्यावर, एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिला हिंदू कॉलेज असंही म्हणत. पेशवे विद्वानांना जी दक्षिणा वाटत, त्या निधीतून तिचा खर्च चाले. वाड्यात शाळा आली खरी, पण ती ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती. पेशवे गेले, मात्र उंबरा तसाच राहिला.

मग १८४८ साल आलं. विश्रामबागवाड्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, बुधवार पेठेतल्या भिड्यांच्या वाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. तोही वाडाच, पण दार उघडलं ते आजवर माजघरात ठेवलेल्या मुलींसाठी. पुढे त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. अंगावर शेण-माती झेलत हे काम चाललं. आणि नोव्हेंबर १८५२ मध्ये सरकारतर्फे जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला. मेजर कँडी यांच्या हस्ते. कुठे? विश्रामबागवाड्यात.

विचार करा. जे घर एका पेशव्याच्या विश्रांतीसाठी बांधलं, जिथली पहिली शाळा एकाच समाजासाठी होती, त्याच घरात माळी समाजातल्या एका शिक्षकाचा, मुलींना आणि दलित मुलांना शिकवल्याबद्दल, सन्मान झाला. वाड्याचा एकही खांब हलला नव्हता. बदललं ते आत कोण येतं आणि कशासाठी येतं हे. मुलांना वाड्याची गोष्ट सांगताना मी इथपर्यंत आणतेच. आमच्या वर्गातल्या मुलींना ही गोष्ट स्वतःची वाटते.

आग आणि उरलेला वाडा

लाकडी घराला सगळ्यात मोठी भीती आगीची. मे १८७९ मध्ये लागलेल्या आगीत बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागवाड्याचाही काही भाग जळाला. तो भाग नंतर पुन्हा बांधला. पुढे या वाड्यात नगरपालिकेची कचेरी होती, तळमजल्यावर टपाल कचेरी आली. अलीकडच्या काळात महानगरपालिकेनं वाड्याची डागडुजी केली आणि पुण्याच्या इतिहासाचं प्रदर्शन मांडलं. म्हणजे हा वाडा वाचला तो लोकांनी त्याला काही ना काही काम देत ठेवल्यामुळे. रिकामं घर लवकर पडतं हे आपल्या गावातल्या वाड्यांकडे पाहूनही कळतं. भिडेवाडा मात्र वाचला नाही. मोडकळीला आलेला तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडावा लागला.

आता आपल्या गावाकडे

पुण्याला जाणं नाहीच जमलं तर? हरकत नाही. शिरूर आणि दौंडच्या गावांत अजून जुनी घरं आहेत. फरक एवढाच की पुण्याचं छप्पर कौलारू आणि उतरतं, तर पूर्वेकडे जावं तसं माळवद दिसू लागतं, म्हणजे मातीचं सपाट छत. कारण पाऊस. पुण्यापेक्षा आपल्याकडे पाऊस कमी, म्हणून सपाट मातीचं छत चालतं. दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकून चोपून घ्यायची. त्याच माळवदावर धान्य वाळवायचं आणि उन्हाळ्यात झोपायचं.

आणि अजून मागे जायचं तर शिरूर तालुक्यातच, घोड नदीच्या काठी, इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. हसमुख सांकलिया आणि मधुकर ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांची शंभराहून अधिक घरं तिथं सापडली. आधीच्या काळातली घरं ऐसपैस आणि चौकोनी, कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर. पाच खोल्यांचं एक मोठं घर गावच्या प्रमुखाचं असावं असं संशोधक मानतात. शेवटच्या काळात मात्र लहान गोल झोपड्या वाढल्या. पाऊस कमी झाला, शेती खालावली आणि घर लहान झालं असं ढवळीकरांनी मांडलं. दुष्काळ पाहिलेल्या आपल्या भागाला हे लगेच कळेल.

यात एक गंमत आहे बरं का. इनामगाव खणणाऱ्या डेक्कन कॉलेजचं मूळ कुठलं? विश्रामबागवाड्यातल्या त्याच १८२१ च्या पाठशाळेचं! पाठशाळेचं पुढे पूना कॉलेज झालं, १८६४ मध्ये त्याला डेक्कन कॉलेज नाव मिळालं आणि नंतर ते येरवड्याला गेलं. एकेकाळी मोजक्या लोकांना आत घेणाऱ्या त्या शाळेच्या वारसदारांनी आपल्या गावच्या साध्या शेतकऱ्यांची घरं इतिहासात आणली.

वर्गात काय करता येईल?

१. गावातलं एक जुनं घर निवडा. घरमालकांची परवानगी घ्या. भिंत कललेली असेल, कडीपाट कुजलेला असेल तर आत जाऊ नका, बाहेरूनच पाहा.

२. मुलांना नकाशा काढू द्या. दार, देवडी, ओसरी, माजघर, चौक, परस. खांब मोजा, खण मोजा, एक खण किती फुटांचा तेही टेपनं मोजा.

३. शब्दांची वही करा. उंबरा, अडसर, दिंडी, तळखडा, तुळई, कडीपाट, वासा, कोनाडा, फडताळ, खुंटी. प्रत्येक शब्दासमोर चित्र. ज्याचं नाव येत नाही त्याचं नाव आजी-आजोबांना विचारायचं.

४. दुपारी बारा वाजता ओसरीवर आणि बाहेर उन्हात तापमापी ठेवा. फरक मुलांनाच लिहू द्या.

५. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारायचा एक प्रश्न : "तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा या घरात कुठं बसायचात?" आणि गावातल्या एखाद्या वयस्कर गवंड्याला किंवा शेतमजुराला विचारायचा एक प्रश्न : "तुम्हाला या घरात कुठपर्यंत येऊ देत?" उत्तरं मुलांनी ऐकावीत, वाद घालू नये. ही इतिहासाची मौखिक साधनं आहेत, हे नंतर वर्गात समजावून द्या.

पालकांना एक विनंती. जुनं घर पाडायची वेळ प्रत्येकावर येते, आम्हालाही ती कळते. घर गळतं, भावाभावांत वाटण्या होतात, लाकूड मिळत नाही. पाडावं लागलं तर पाडा. पण त्याआधी एक दिवस मुलांना घेऊन त्या घरातून फिरा. फोटो काढा, खोल्यांची नावं लिहून ठेवा, कोण कुठं बसायचं, कुठं जन्मलं, कुणाला दारात थांबवलं, हे सगळं सांगा. चांगलं तेवढंच सांगू नका. आणि नवं घर बांधाल तेव्हा पुढे जमलं तर एक ओसरी ठेवा, जिथं कुणीही येऊन बसावं.